शेळी ओरडली नाही

"माल भरावा तो भिमाजीनंच!" असं जुन्नर तालुक्यात कुणी म्हणत नाही. भिमाजीअण्णा स्वतःच म्हणतात. पण इतक्यांदा म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटतं तालुकाच म्हणतोय. टोमॅटोचं क्रेट असो, कांद्याची गोणी असो, अण्णांनी भरली की तिला दुसऱ्या माणसानं हात लावायचा नाही. वीस किलो म्हणजे वीस किलो. काट्यावर टाकली तर काटाच ओशाळेल! आणि गोणी एकदा दाभणानं शिवली, की शिवली. "शिवल्याली गोणी उकलायची नसती," हे अण्णांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. एकदा कांद्याबरोबर त्यांचा स्वतःचा चष्मा आत शिवला गेला. तेव्हाही त्यांनी गोणी उकलली नाही. चष्मा कांद्यांबरोबर मार्केटला गेला आणि अण्णा दोन महिने माणसं आवाजावरून ओळखत होते.

तर असे हे अण्णा आफ्रिकेला निघाले होते. शिकारीला. तीही बंदुकीनं नव्हे, धनुष्यबाणानं!

हसू नका. अण्णा हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवतात.

त्याचं असं झालं, की तीन वर्षांपूर्वी अण्णांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी हात मागे खेचायचा व्यायाम सांगितला. कुशाबाईंनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, ताक घुसळायला सांगितलं. अण्णांचा संताप झाला. "मी? ताक?" त्या संतापातच ते एसटीत बसले, मंचरला उतरले आणि धनुर्विद्येच्या वर्गात नाव घालून परत आले. वर्गात बाकीची सगळी मुलं सहावी-सातवीतली. पहिल्या वर्षी अण्णांचे बाण शेजाऱ्याच्या टोमॅटोत जात. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यानं त्या बाजूला टोमॅटो लावणंच सोडलं. तिसऱ्या वर्षी अण्णा तीस पावलांवरचं सीताफळ फोडायला लागले. खांदा कधीच बरा झाला होता. डोकं मात्र गेलं ते गेलंच.

त्यांचे जावई अमृतराव कळंबचे. दक्षिण आफ्रिकेत एका द्राक्षबागेवर मॅनेजर. बागेच्या मालकाचं शेजारी स्वतःचं रान होतं आणि तिथं रीतसर परवाना काढून शिंगवाल्या हरणांची शिकार चाले. अमृतरावांनी एकदा बोलता बोलता सांगितलं, "आमचे सासरे धनुष्यबाण चालवतात." मालक म्हणाला, "घेऊन या की त्यांना!" झालं. त्या दिवसापासून अण्णा गावातून चालायचे ते सुद्धा दबा धरून.

पण आफ्रिकेला जाणारं आणखी एक काम घरात होतं. लेक हर्षाली तिकडंच बाळंत झाली होती. नात आरोही तीन महिन्यांची. पहिलं बाळंतपण, आणि माहेरचा घास पोटात नाही! गोठ्यात गाय दिवसांवर आलेली, म्हणून कुशाबाईंना हलता येईना. तेव्हा त्यांनी ठरवलं, की आपण नाही तर आपला माल तरी गेला पाहिजे. डिंकाचे लाडू, अळीव, काळा मसाला, आरोहीसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी.

तिकिटावर बॅग एकच होती. तेवीस किलोची.

"एक क्रेट आन् वर तीन किलो!" अण्णा खूश झाले. "आपल्या हातचा मळ!"

त्यांनी ओसरीच्या आढ्याला कांद्याचा ताणकाटा टांगला आणि शिकारीचा सरंजाम मोजायला घेतला. धनुष्य, त्याची पेटी, बारा बाण, दुर्बीण, मऊ तळव्यांचे बूट, अंगावर पाला फुटल्यासारखा दिसणारा गवती सूट. बरोबर साडेबावीस किलो! मग कुशाबाईंनी आपलं गाठोडं काट्याला लावलं. लाडू, अळीव, मसाला, गोधडी. साडेबावीस किलो!

दोघंही काट्याकडं बघत राहिली. मग एकमेकांकडं.

"धनुष्य नेलं न्हाई तर आफ्रिका काय बंद पडंल का?" कुशाबाई म्हणाल्या.

"अगं, शिकारीला चाललोय मी! लाडू फेकून मारू का हरणाला?"

"डिंकाचे हायेत. बसंल नीट."

अण्णांचा पुन्हा संताप झाला. आणि संताप झाला की त्यांना दुसऱ्याचं ऐकू येत नाही. त्याच संध्याकाळी अमृतरावांचा फोन आला होता आणि ते काहीतरी महत्त्वाचं सांगत होते. पण अण्णा संतापलेले असल्यामुळं त्यातलं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलं. ते असं, "अण्णा, कपड्यांना, बुटांना, अंगाला कसलाही वास नको. तिकडच्या जनावराला अर्ध्या मैलावरून कळतं."

दुसऱ्या दिवसापासून घरात वासाचा कारभार सुरू झाला. अण्णांनी लसूण सोडला. कांदा सोडला. कांदेवाल्या गड्यानं कांदा सोडला, म्हणजे बघा! देवापुढची उदबत्ती बंद झाली. गवती सूट बिनवासाच्या साबणात चारदा उकळून बाळासाहेब सरपंचांच्या उसात वाळत घातला गेला, कारण घराच्या दोरीला म्हणे संसाराचा वास येतो. आणि नेमक्या त्याच आठवड्यात कुशाबाईंनी परसात कढई मांडून काळ्या मसाल्याचं सामान भाजायला घेतलं. लवंग, दगडफूल, तमालपत्र, सुकं खोबरं आणि दोन किलो संकेश्वरी मिरची! वाडीतली कुत्रीसुद्धा शिंकायला लागली.

"कुशे!" अण्णा ओरडले. "मी तिकडं झाडाआड बसनार आन् माझ्या विजारीला दगडफुलाचा वास? हरीण ताट-वाटी घिऊन यील की गं!"

"मग तर बरंच हाये. हुडकायचा तरास वाचंल."

जायच्या आदल्या दिवशी कुशाबाईंचे बंधू दादाभाऊ अवसरी खुर्दहून निरोप द्यायला आले. दादाभाऊ म्हणजे चहा पिता पिता दुसऱ्याच्या घराला काडी लावणारा मनुष्य; आणि चहा कधी अर्धवट टाकायचा नाही. त्यांनी दोन्ही गाठोडी पाहिली, काटा पाहिला आणि विचारलं, "दाजी, तुमच्या अंगाला वास येत न्हाई म्हणता. पुरावा काय?"

"म्हंजी?"

"म्हंजी माणसानं स्वतःचा वास घ्येऊन चालत न्हाई. जनावरानं सांगाय पायजे."

अण्णांचा चेहरा लाल झाला. आयुष्यात त्यांच्याकडं कुणी पुरावा मागितला नव्हता. त्यांनी ओसरीच्या खांबावर थाप मारली. "चल! बाळासाहेबाच्या उसाकडं चल! तिथं पिंजऱ्यात शेळी हाये. ह्या सुटात, ह्या बुटात मी तिच्यापाशी जानार आन् तिच्या अंगाला हात लावनार. शेळी वरडली, तर धनुष्य खुंटीला. न्हाई वरडली, तर मसाला घरी!"

"बोलला बरं का!" कुशाबाई आतून म्हणाल्या. "दादा, तू साक्षीदार."

आता हा पिंजरा. गेल्या महिन्यात बिबट्यानं एक कालवड आणि दोन कुत्री नेली, तेव्हा वनखात्यानं बाळासाहेबांच्या उसाच्या कडेला तो ठेवला होता. मागच्या कप्प्यात जाळीआड साळुबाईंची शेळी, पुढचा कप्पा बिबट्याला मोकळा. आत फळीवर पाय पडला की वरचं दार धाडकन खाली येतं, खटका बसतो आणि तो खटका उघडायची चावी फक्त वनरक्षकाकडं. हे सगळं अण्णांना पाठ होतं. गावाला त्यांनीच दोनदा समजावून सांगितलं होतं.

गावात पिंजरा येण्याआधी ग्रामसभा झाली होती. तिथंही अण्णा संतापलेलेच होते. "हितं धरायचा आन् पलीकडच्या डोंगरात सोडायचा! तो चौथ्या दिशी परत येतो, वळखीच्या कुत्र्याला रामराम करतो! ठराव लिवा. पिंजऱ्यात सापडंल ते जुन्नर तालुक्यात परत सोडायचं न्हाई. आफ्रिकेत न्या!" ग्रामसेवकांनी 'बिबट्या' असं लिहायला घेतलं, तर अण्णांनी त्यांचा हात धरला. "बिबट्या लिवू नका. उद्या बछडं सापडलं तर म्हणतील, हे बछडं हाये, ठरावात बसत न्हाई. सरकारी कागदात फट ठिवायची नसती. लिवा, 'जे काही सापडेल ते'!" ठराव मंजूर झाला. सूचक, भिमाजीअण्णा. अनुमोदक, बाळासाहेब सरपंच. मोर्चा काढून त्याची प्रत वनखात्याला देण्यात आली. पोच अण्णांनी घरात काचेच्या चौकटीत लावलीय.

दुपारी चार वाजता अण्णा बांधावर उभे राहिले. डोक्यापासून पायापर्यंत गवती सूट, तोंडावर जाळी, हातात मोजे. माणूस कमी आणि कुंपण जास्त दिसत होते. कुशाबाई आणि दादाभाऊ लांब आंब्याखाली बसले. अण्णांनी वाऱ्याचा अंदाज घेतला, खाली बसले आणि उसाच्या कडेनं सरपटायला लागले.

शंभर पावलांचं अंतर त्यांनी चाळीस मिनिटांत कापलं. एक लाल मुंगी विजारीत शिरली. अण्णांनी तिला तिचं काम करू दिलं. पिंजरा दहा पावलांवर आला तेव्हा शेळीनं मान वळवून थेट अण्णांकडं पाहिलं. अण्णा थिजले. शेळीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि पुन्हा सुबाभळीचा पाला चघळायला लागली.

ओरडली नाही!

आता फक्त हात लावायचा. पण पिंजऱ्याला बाजूनं पत्रा होता. शेळीला हात लावायचा तर पुढच्या कप्प्यातूनच. अण्णा दारातून आत शिरले. फळी कुठं आहे ते त्यांना माहीत होतं, म्हणून तिच्यावरून पाय लांब टाकला. जाळीतून मोजा आत घातला. शेळीच्या पाठीवरून अलगद हात फिरवला. शेळीनं कान हलवला.

ओरडली नाही!!

विजयी माणसाला मागं बघायचं भान नसतं. अण्णांनी दोन्ही हात वर केले आणि ऐटीत एक पाऊल मागं टाकलं.

धाड!

दार पडल्यावर माणूस काय ओरडेल? "वाचवा" म्हणेल. "मेलो" म्हणेल. अण्णा ओरडले, "वरडली न्हाई! दादाभाऊ, बघितलं का? वरडली न्हाई!"

दादाभाऊ धावत आले. दार उचलून पाहिलं, खटका हलवून पाहिला. काही होईना. त्यांनी वनरक्षक मॅडमना फोन लावला. पण तोवर रस्त्यानं जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याला पडलेलं दार दिसलं होतं आणि आत पाला हलताना दिसला होता. पुढं व्हायचं ते झालं. पाचव्या मिनिटाला चार गावांच्या ग्रुपवर 'सापडला!!!' आणि विसाव्या मिनिटाला उसाकडेला पाचशे माणूस! पिंपळवंडीहून एक जण न्हाव्याच्या खुर्चीतून तसाच उठून आला होता. अर्धी दाढी झालेली, अर्धी पुढच्या कामासाठी राखून ठेवलेली.

"रंग येगळाच हाये, राव."

"म्हातारं दिसतंय. दात न्हाईत त्याला."

"लई केसाळ! अस्वल असंल."

अण्णांनी तोंडावरची जाळी ओढून काढली. "अरं, मी हाये! भिमाजी!"

पाचशे माणसांचा एकदम विरस झाला. "ह्यॅ! अण्णा हायेत!" अर्ध्या दाढीवाला तर चिडलाच. "आवं, मग आधी सांगायचं ना! गिऱ्हाईक तसंच सोडून आलोय!" आता गिऱ्हाईक तोच होता, पण गर्दीत माणसाला स्वतःचं काय राहिलंय ते आठवत नाही.

तेवढ्यात वनरक्षक प्राची मॅडम आल्या. शांत बाई. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, अण्णांकडं पाहिलं, छापील फॉर्म काढला.

"नाव?"

"मॅडम, आधी दार उघडा!"

"पिंजरा पडला की फॉर्म भरावाच लागतो, आजोबा."

"आजोबा? मी आफ्रिकेला चाललोय शिकारीला!"

मॅडमनी 'वर्तणूक' या रकान्यात 'आक्रमक' लिहिलं. "नर. वय?"

"एकसष्ट!"

"दात?"

"दोन न्हाईत. पर ते लाडवानं गेले, म्हातारपणानं न्हाई!"

फॉर्म झाला. मॅडमनी खिशातून चावी काढली आणि खटक्याला लावणार, तोच गर्दीतून बाळासाहेब सरपंच पुढं आले. हातात फाइल. सरपंच लग्नालासुद्धा फाइल घेऊन जातात.

"थांबा, मॅडम. ठराव हाये."

"कसला?"

बाळासाहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवला. "गावच्या हद्दीतील पिंजऱ्यात जे काही सापडेल, ते जुन्नर तालुक्यात परत सोडण्यात येऊ नये. सूचक, भिमाजीअण्णा."

गर्दी एवढी हसली, की उसातून बगळे उडाले. मागून कुणीतरी ओरडलं, "मग आफ्रिकेत सोडा!"

"ह्याची प्रत आमच्याकडं आहे," मॅडम चावी खिशात परत टाकत म्हणाल्या. "तेव्हा तीन तास घोषणा दिल्या होत्या तुम्ही. आज मी ह्यांना इथंच सोडलं, तर उद्या म्हणाल, खात्यानं ठराव मोडला. गावानं काय ते ठरवा."

"आण्णा, सोपं हाये," बाळासाहेब जाळीला तोंड लावून म्हणाले. "तुमी सूचक हायेत. चूक झाली म्हणा, माघारी घ्या ठराव."

आता इथं दुसरा कुणी असता तर त्यानं ठराव माघारी घेतला असता, वर पेढेही वाटले असते. पण ते अण्णा होते! त्यांनी पिंजऱ्याचे दोन गज धरले, छाती पुढं काढली आणि म्हणाले, "चूक? ठराव बरोबरच हाये! एक अक्षर बदलनार न्हाई! आमी शर्त जिंकलोय, ठरावबी केलाय, दोन्ही आमचंच बरोबर हाये. आन् तरी मी आत! हा काय न्याय झाला?"

"मग ग्रामसभेनंच ठरवाय लागंल," बाळासाहेब म्हणाले आणि त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. अचानक त्यांचे डोळे चमकले. पाच वर्षांत एकाही ग्रामसभेला गणपूर्ती झाली नव्हती. बिबट्याच्या सभेलासुद्धा तहकूब करून दुसऱ्यांदा बसावं लागलं होतं. आणि आज सगळं गाव न बोलावता हजर! "ग्रामसेवक, रजिस्टर आणा! सभा हितंच!"

ग्रामसेवक रजिस्टर घेऊन आले. पिंजऱ्याच्या पत्र्यावर ठेवून सह्या सुरू झाल्या. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त. विषय क्रमांक दोन, पाण्याच्या टाकीचं झाकण. अण्णांचा विषय सातवा.

"सातवा?" अण्णा किंचाळले.

"येतो त्या क्रमानं घ्यायचा, आण्णा. नियम तुमीच सांगता ना?"

टाकीच्या झाकणावर दोन भावकींची जुंपली. अण्णा आतून मुद्देसूद बोलत होते; सवयच ती. झाकण लोखंडी असावं की सिमेंटचं यावर त्यांनी पिंजऱ्यातून पाच मिनिटं भाषण केलं आणि टाळ्याही मिळवल्या. एवढ्यात गर्दीतून वाट काढत साळुबाई आल्या. शेळीची मालकीण.

"सरपंच, माझं कवा घेणार? माझी शेळी बदलून द्या म्हणून चार दिस सांगत्ये मी!"

"काय झालं शेळीला?"

"घसा बसलाय तिचा! अकरा दिस, अकरा रात्री वरडली बिचारी. आता तोंड उघडती, पर आवाजच फुटत न्हाई. म्हणून तर बिबट्या येत न्हाई ना हितं!"

सगळ्यांनी शेळीकडं पाहिलं. शेळीनं अण्णांकडं पाहिलं, तोंड चांगलं वीतभर उघडलं, मान पुढं केली. आवाज नाही. पुन्हा उघडलं. बहुतेक ती चाळीस मिनिटं हेच सांगत होती.

"म्हंजी," आंब्याखालून उठून आलेल्या कुशाबाई सावकाश म्हणाल्या, "वास आला व्हता तिला."

"कुशे, ऐक! शर्त वरडण्याची व्हती! वासाची न्हाई!"

"दादा, चल," कुशाबाई म्हणाल्या. "अंधारायच्या आत बॅग भरून घेऊ. ह्यांना हितं लोकं हायेत. शेळीबी हाये सोबतीला."

आणि बहीण-भाऊ बांधावरून घराकडं चालायला लागले. दादाभाऊंनी जाता जाता मागं वळून हातही हलवला. अण्णांनी ते पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तत्त्व खाली ठेवलं.

"बाळासाहेब! सातवा विषय आधी घ्या! मी चुकलो! 'जे काही' काढा, 'बिबट्या' घाला! पायजे तर बछडं बी घाला! घ्या लवकर!"

"आण्णा, अजून तिसऱ्यावर हाये सभा. दिवाबत्ती."

दिवाबत्तीला पाऊण तास लागला. स्मशानभूमीच्या शेडला अर्धा. तंटामुक्तीच्या विषयावर तंटा झाला. सातवा विषय आला तेव्हा दिवस मावळला होता. 'जे काही' च्या जागी 'बिबट्या' ही दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. एकच हात विरोधात वर होता. पण तो त्या अर्ध्या दाढीवाल्याचा होता आणि त्याला विषय माहीत नव्हता. मॅडमनी खटका उघडला, अण्णांची सही घेतली आणि फॉर्मवर शेवटचा रकाना भरला, 'मुक्त केले. प्रकृती ठीक. शांत.'

अण्णा पळत घरी आले. ओसरीवर बॅग तयार होती. वरून पांढरं मांजरपाट गुंडाळलेलं, चारही बाजूंनी दाभणानं आणि दुहेरी सुतळीनं शिवलेली! ताणकाट्याला लटकत होती. बरोबर साडेबावीस.

"उकल!" अण्णा म्हणाले.

कुशाबाईंनी फक्त दाभण अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी दाभणाकडं पाहिलं. शिवणीकडं पाहिलं. टाका सरळ होता, गाठ पक्की होती. अशी गोणी तालुक्यात दुसऱ्या एकाच माणसाला शिवता येत होती. ते ओसरीवर बसले. दाभण खाली ठेवला. मग म्हणाले, "लाडू मधी ठिवलेस ना? कडंला असले तर फुटत्यात."

"मधीच ठिवलेत."

मग कुशाबाईंनी वास घेतला, नाकाला पदर लावला आणि अण्णांना गोठ्याकडं आंघोळीला पाठवलं. गवती सुटाला शेळीचा वास लागला तो लागलाच. चारदा उकळला तरी गेला नाही. आता तो परसात खांबाला टांगलाय. कावळे येत नाहीत, एवढा उपयोग झाला.

आफ्रिकेत अमृतराव न्यायला आले होते. घरी पोचल्यावर हर्षालीनं दातानं सुतळी तोडली, काळ्या मसाल्याची पिशवी उघडून नाकाशी धरली आणि चिमूटभर मसाला तसाच जिभेवर टाकला. आरोही गोधडीवर पडून पाय झाडत होती. अण्णांनी तिला खुंटीवरच्या धनुष्याची सगळी हकिगत सांगितली. ती मध्ये मध्ये हसली. तिचं नाव त्यांनी लक्षात ठेवलं नाही.

"पण अण्णा, मी फोनवर सांगितलं होतं ना," अमृतराव म्हणाले, "धनुष्य आणू नका, मालकाकडं सात आहेत म्हणून?"

सांगितलं असेल. तेव्हा अण्णा संतापलेले होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे मालक स्वतः गाडी घेऊन आला. सहा फूट दोन इंच, दाढी पुरती, हातात चांगलं धनुष्य. अण्णांना त्यानं रानात नेलं. पाणवठ्यासमोर शिकाऱ्यानं लपून बसायची एक खोपटी होती. बाजूनं पत्रा, समोर बाण सोडायला फट, मागं लोखंडी दार. बाहेर कडी. अण्णांनी खोपटीभोवती एक फेरी मारली, जशी प्राची मॅडमनी मारली होती.

मालक हसत हसत काहीतरी म्हणाला. अमृतरावांनी मराठीत सांगितलं, "अण्णा, आत बसा म्हणतात. वाऱ्यानं दार वाजायला नको, म्हणून ते बाहेरून कडी लावतील."

अण्णांनी दाराकडं पाहिलं. कडीकडं पाहिलं. मग मालकाच्या हाताकडं. त्यात कसलाही कागद दिसत नव्हता, पण तेवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही. त्यांनी आत घातलेलं पाऊल मागं घेतलं, फळीबिळी काही नाही ना ते बघून.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "त्यांना एक इचारा. हितल्या ग्रामसभेनं काय ठराव-बिराव केलाय का?"